देणगी संपल्यावर काय? हितधारकांचा सहभाग आणि प्रकल्पांचा टिकाऊपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देणगीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांमधले कार्यकर्ते, पहिल्यांदाच प्रस्ताव लिहायला बसलेले लोक आणि कधीकधी देणगीदार स्वतः जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देणाऱ्याने आधी बरीच वर्षं प्रकल्प राबवले आणि नंतर दुसऱ्यांच्या प्रकल्पांचं मूल्यमापन केलं. म्हणजे आधी रिपोर्ट लिहिले आणि मग तसलेच रिपोर्ट वाचायची शिक्षा भोगली.

हितधारक म्हणजे लाभार्थीच ना?

लाभार्थी त्यांच्यातले एक. प्रकल्पामुळे ज्याला काही मिळतं, ज्याचं काही जातं आणि ज्याच्या हातात तो अडवायची किंवा पुढे चालवायची ताकद आहे, ते सगळे हितधारक. प्रस्तावातल्या तक्त्यात पहिला गट न चुकता असतो. तिसऱ्यातले मोठे साहेब असतात. दुसरा गट बहुतेक वेळा गायबच. नळयोजना आली की आजवर पाणी विकून पोट भरणाऱ्याचा धंदा बसतो, पण त्याला कुठल्या बैठकीचं बोलावणं गेलेलं मी पाहिलेलं नाही. ज्याच्या नावावर पंपाचं वीजबिल येणार, तोही तक्त्यात नसतो.

यादी करताना मी एकच प्रश्न विचारतो : हे काम उद्या बंद पडलं तर सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि त्या माणसाच्या हातात आज काय आहे? खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या प्रश्नाभोवतीच फिरतं.

आम्ही सभा घेतल्या, सह्या घेतल्या, फोटोही आहेत. तरी सहभाग नाही म्हणता?

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. मधल्या तिघींना, म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि एखाद-दुसरी जागा देऊन समजूत काढणं, यांना त्या नुसता देखावा म्हणतात. खरा अधिकार वरच्या तीन पायऱ्यांवर येतो. आपल्या क्षेत्रातल्या बहुतेक सभा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून चहा पितात आणि रिपोर्टमध्ये सातवीवर पोचलेल्या असतात.

एका प्रकल्पाच्या समितीचं सभावृत्तांताचं रजिस्टर एकदा हातात आलं. अठरा महिन्यांच्या सभा, सगळीकडे तीच शाई, तेच अक्षर, आणि प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. सभा झाल्या नव्हत्या असं नाही. लोकांनी सांगितलं, झाल्या होत्या. पण अठरा महिन्यांत एकदाही कोणी ‘हे नको’ म्हटल्याची नोंद नव्हती. जिथे पैशाचा प्रश्न असतो तिथे चार माणसं अठरा महिने एकमताने राहत नाहीत. निर्णय दुसरीकडे होत होते, इथे फक्त सह्या होत होत्या.

तपासायची सोपी रीत अशी. मूळ प्रस्ताव आणि आजचा आराखडा शेजारीशेजारी ठेवा. लोकांच्या सांगण्यावरून बदललेली एक तरी ओळ दाखवता येते का? जागा, वेळ, रक्कम, डिझाइन, काहीही चालेल. एकही सापडत नसेल, तर तुम्ही लोकांना माहिती दिलीत. तेही काम आहे, पण त्याला त्याच नावाने हाक मारा.

मग कोणाशी बोलायचं? सगळ्यांशी बोलणं तर शक्य नाही.

शक्य नाही, पण कोण सुटतं यालाही एक ठरलेला साचा असतो. ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकात तो नीट दाखवून दिला. बाहेरून येणारा माणूस डांबरी रस्त्यालगतच्या वस्तीत जातो, कोरड्या हंगामात जातो, पुरुषांशी बोलतो, पुढाऱ्यांशी बोलतो, आणि ज्यांनी योजनेचा फायदा घेतला त्यांनाच भेटतो. जे आजारी होते, स्थलांतर करून गेले किंवा योजनेतून गळले, ते भेटीच्या वेळी समोर नसतातच. एवढ्या वर्षांनी यात काही बदललं असेल तर इतकंच, की गाडीला एसी आला.

म्हणून भेटींचं वेळापत्रक करताना निदान दोन भेटी मुद्दाम गैरसोयीच्या ठेवा : एक अडचणीच्या हंगामात, एक संध्याकाळी काम आटोपल्यावर. आणि गळालेल्यांची यादी मागा. ती सहसा कोणी बनवलेली नसते. ती बनवायला बसलं की पुष्कळ कळतं.

‘टिकाऊपणा’ म्हणजे नेमकं काय टिकलं पाहिजे? संस्था, इमारत की सेवा?

विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये मूल्यमापनाचे पाच निकष घालून दिले : समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये त्यात सुसंगतीची भर पडली. टिकाऊपणाचा अर्थ तिथे असा आहे की कामाचे फायदे पुढे चालू राहतात का, किंवा राहण्याची शक्यता आहे का. फायदे, बरं का. संस्था नव्हे, कर्मचारी नव्हेत, दारावरची पाटी तर नव्हेच.

हा फरक कागदावर सगळ्यांना मान्य असतो. पण संस्थेतल्या बैठकीत टिकाऊपणाचा विषय निघाला की पाच मिनिटांत चर्चा ‘पुढच्या वर्षी पगार कुठून’ यावर घसरते. पगाराची चिंता खरी आहे, तिला कमी लेखत नाही. तरी तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. संस्था तगून सेवा बंद पडलेली मी पाहिली आहे, आणि संस्था मिटून सेवा चालू राहिलेलीही.

हेतू चांगला, पैसा भरपूर, तरी प्रकल्प बंद का पडतात?

कारणं अनेक असतात, पण काही उदाहरणं इतकी बोलकी आहेत की ती सांगायलाच हवीत.

केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठवण्याचा कारखाना उभा राहिला. योजना १९७० च्या दशकातली, काम पूर्ण झालं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, खर्च सुमारे २.२ कोटी डॉलर. कारखाना जेमतेम काही दिवस चालला. वाळवंटी उष्म्यात गोठवण्यासाठी लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना. आणि तुर्काना लोक मूळचे पशुपालक. त्यांची पत जनावरांत मोजली जाते, माशांत नाही. हे सांगायला तज्ज्ञ लागला नसता. त्यांना विचारलं असतं तर पुरलं असतं.

दुसरं उदाहरण प्लेपंपचं. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं आणि त्यातून पाणी उपसायचं, ही दक्षिण आफ्रिकेतून आलेली कल्पना ऐकताक्षणी आवडते, आणि तिथेच घोटाळा आहे. २००६ मध्ये अमेरिकेतून १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली, २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचं ठरलं. एक पंप साध्या हातपंपाच्या जवळपास चौपट महाग. अडीच हजार माणसांना पुरेल इतकं पाणी काढायचं तर मुलांना दिवसात २७ तास खेळावं लागेल, असा हिशोब नंतर एका ब्रिटिश वर्तमानपत्राने मांडला. मुलं खेळून कंटाळली की तो जड पाळणा बायकांना ढकलावा लागे. दुरुस्ती गावात होण्यासारखी नव्हती. आता विचार करा, कल्पना कोणाला आवडली होती? पैसे देणाऱ्याला. पाणी भरणाऱ्या बाईला कोणी विचारलं असतं, तर तिने हातपंपाचा दांडा मागितला असता.

तंत्रज्ञान निवडण्यात लोकांचा काय संबंध? ते तर इंजिनिअरचं काम.

इंडिया मार्क टू हा हातपंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने तयार झाला. भक्कम, दणकट, जगभर पोचलेला. पण खालचा झडप बदलायचा तर जमिनीखालचे सगळे पाइप वर ओढावे लागत. म्हणजे जड अवजारं, गाडी, प्रशिक्षित पथक. पथक यायला महिना लागला तर महिनाभर पंप बंद. पुढे मार्क थ्रीमध्ये पाणी वर आणणारा पाइप रुंद केला, त्यामुळे दट्ट्या आणि खालचा झडप पाइप न काढता वर खेचता येऊ लागले. गावातली दोन-तीन माणसं साध्या अवजारांनी ते करू शकतात. पाइपचा व्यास वाढला आणि दुरुस्तीचा अधिकार गाडीवाल्या पथकाकडून गावाकडे सरकला.

तरीसुद्धा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २००९ च्या सुमाराच्या अंदाजानुसार साधारण एक-तृतीयांश हातपंप कुठल्याही क्षणी बंद असत. पंप गावाच्या हातात देऊन भागत नाही. सुटे भाग कुठे मिळतात, कोण आणतं आणि पैसे कोणाच्या खिशातून जातात, हेही ठरलेलं लागतं. प्रस्तावात ‘समितीला प्रशिक्षण’ ही ओळ असते. ‘वॉशर कुठून आणायचा’ ही नसते.

सुधारणा केल्याने सहभाग कमी होतो, असं कधी होतं का?

होतं, आणि मला हा सगळ्या यादीतला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या शेतकऱ्यांच्या कालव्यांचा अभ्यास केला. शेतकऱ्यांनी बांधलेले बंधारे दगड, झुडपं, मातीचे. दर पावसाळ्यात वाहून जायचे. मग वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे शेतकरी एकत्र येऊन ते पुन्हा उभारायचे, कारण एकट्या वरच्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. खालच्यांच्या श्रमाची त्यांना गरज होती, म्हणून पाणीवाटपात खालच्यांचं चालायचं. बाहेरून मदत आली, सिमेंटचा पक्का बंधारा झाला. दिसायला उत्तम. पण दरवर्षीची दुरुस्ती संपली तशी वरच्यांची खालच्यांवरची भिस्तही संपली. अनेक ठिकाणी पक्क्या बंधाऱ्याच्या कालव्यांत खालच्या शेतापर्यंत पाणी पोचण्याचं प्रमाण कच्च्या बंधाऱ्यांपेक्षा वाईट निघालं.

म्हणजे बांधकामाने एक मोडका बंधारा दुरुस्त केला आणि न दिसणारा एक करार मोडला. कुठेही काही सुधारायला जाण्याआधी, आज लोक एकमेकांवर कशासाठी अवलंबून आहेत हे कागदावर उतरवून काढा. आपण आणलेली वस्तू त्यातला कोणता धागा तोडणार आहे? त्या धाग्याऐवजी दुसरा काही ठरवून घ्यावा लागेल.

लोकवर्गणी घेतली की मालकीची भावना येते ना?

ही आपल्या क्षेत्रातली जवळजवळ श्रद्धा आहे, म्हणून जपून बोलतो. वर्गणीने हिशोब विचारायचा हक्क मिळतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्याने पैसे घातले तो सभेत आवाज चढवतो. पण ‘फुकटाची किंमत नसते’ हा नियम सरसकट खरा नाही. केनियात गरोदर स्त्रियांना कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या देताना जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी किंमत बदलून पाहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर नेली की मागणी साठ टक्क्यांनी घटली, आणि फुकट घेणाऱ्यांनी त्या विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरल्या असंही दिसलं नाही. केनियातच जंताच्या गोळ्यांना थोडी फी लावल्यावर घेणाऱ्यांची संख्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी कोसळली होती.

त्यामुळे शिंतोडे उडतात तसा आजार पसरतो अशा कामात, लस, जंत, मच्छरदाणी वगैरे, फी लावून टिकाऊपणा येईल या भ्रमात राहू नका. पाणी, सिंचन, यंत्रांची भाड्याने सेवा, जिथे वापरणारा स्वतः फायदा मोजू शकतो आणि सेवा बंद पडली तर त्यालाच झळ लागते, तिथे वर्गणी कामाची. पण वर्गणी घेतलीत तर निर्णयही द्या. पैसे समितीचे आणि चेकबुक संस्थेच्या कपाटात, हा प्रकार लोकांना पहिल्याच महिन्यात कळतो.

सरकारकडे सोपवलं की टिकेल?

कधीकधी टिकतं. ‘सोपवणं’ हा शब्द मात्र फसवा आहे, कारण त्यातून एका दिवसाचा समारंभ डोळ्यासमोर येतो.

भारतात गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. तो सरकारकडे २००९ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने गेला, आणि हस्तांतराआधी खर्चाचे दर, कर्मचाऱ्यांची रचना, नोंदींचे नमुने सरकारी निकषांशी जुळवून घेण्याचं काम चाललं. हेच कळीचं आहे. देणगीच्या पैशातला कार्यकर्ता ज्या पगारावर काम करतो, त्याहून बऱ्याचदा कमी पगारात सरकारी यंत्रणा माणूस ठेवते. ही दरी शेवटच्या तिमाहीत भरून निघत नाही. आधी दोन-तीन वर्षं तुम्हीच सरकारी दराने चालवून पाहा. त्या दरात चालत नसेल, तर तुम्ही जे सोपवणार आहात ते चालणारं नाही, हे आताच कळलेलं बरं.

पश्चिम आफ्रिकेतला नदीअंधत्वाविरुद्धचा (वाहत्या नद्यांत वाढणाऱ्या काळ्या माश्यांच्या चाव्यातून पसरणारा, दृष्टी घालवणारा आजार) कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये ठरवून थांबला. सुरुवातीला भर हेलिकॉप्टरने नद्यांवर फवारणी करण्यावर होता. १९८७ मध्ये मर्क कंपनीने आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तितकी वर्षं मोफत देण्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये आफ्रिकेतल्या इतर देशांसाठी जो कार्यक्रम उभा राहिला, त्यात गोळ्या कोण वाटणार, कधी आणि कशा वाटणार, हे गावांनीच ठरवायचं अशी पद्धत घेतली. औषध बाहेरचं, वाटप गावाचं. सगळं स्वावलंबी झालं पाहिजे असा हट्ट तिथे कोणी धरला नाही; गावाला काय पेलेल आणि काय पेलणार नाही याची वाटणी नीट केली.

एकच मोठा देणगीदार आहे आणि संबंध उत्तम आहेत. काळजी करायची का?

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परकीय विकास मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि १ जुलैला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं परदेशी मदत राबवण्याचं काम अधिकृतपणे थांबलं. ज्यांचे संबंध उत्तम होते त्यांचेही पैसे थांबले. तिथल्या अधिकाऱ्यांनाच नोकऱ्या गमवाव्या लागल्या, ते तुमची काय बाजू घेणार?

देणगीदाराला हवं ते वेगळं आणि लोकांना हवं ते वेगळं. मधे आम्ही.

हे दुखणं जुनं आहे. देणगीदाराला तिमाही आकडे हवेत आणि लोकांना त्यांची अडचण सुटायला हवी. बहुतेक संस्था आकडे देणगीदाराला आणि आश्वासनं लोकांना देतात. उलट करून पाहा : खर्चाचे आकडे लोकांसमोर फळ्यावर लिहा. आणि देणगीदाराला स्पष्ट सांगा की पहिल्या सहा महिन्यांत आराखडा बदलू शकतो, त्यासाठी बजेटमध्ये अमुक टक्के मोकळे ठेवा. माझा अनुभव असा की हे लेखी मागितलं तर देणगीदार आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हो म्हणतात. आपणच घाबरून मागत नाही.

विरोध करणाऱ्यांचं काय करायचं?

त्यांना सगळ्यात आधी भेटा. सरदार सरोवराला झालेल्या विरोधामुळे जागतिक बँकेला स्वतंत्र समीक्षा नेमावी लागली, १९९२ मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी बँकेने बाधित लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ उभारलं. ज्यांना सुरुवातीला अडथळा मानलं गेलं, त्यांच्यामुळे एवढ्या मोठ्या संस्थेत तक्रारीचं दार उघडलं. तुमच्या छोट्या प्रकल्पात ते दार आधीपासून ठेवायला खर्च येत नाही. फक्त तक्रारपेटीची किल्ली प्रकल्प समन्वयकाकडे ठेवू नका. तक्रार बहुतेक त्याच्याच विरुद्ध असते.

प्रस्तावात ‘एक्झिट प्लॅन’, म्हणजे देणगी संपल्यावर संस्था कशी बाहेर पडणार ते, लिहा म्हणतात. काय लिहायचं?

‘स्थानिक समितीच्या क्षमताबांधणीतून प्रकल्प शाश्वत होईल’ हे वाक्य सोडून काहीही. मी मूल्यमापनाला जातो तेव्हा त्यात पुढच्या गोष्टी शोधतो : दर महिन्याचा चालू खर्च किती आणि देणगीनंतर तो नेमका कोणत्या खात्यातून जाणार. कोणत्या वर्षी कोणता निर्णय कोणाकडे जाणार. खरेदीचा अधिकार पहिल्या वर्षी संस्थेचा असेल तर तिसऱ्या वर्षी कोणाचा. जागा, यंत्रं, बँक खातं कोणाच्या नावावर. एखादा महिना संस्थेने मुद्दाम बाजूला राहून काम चालतं का हे पाहिलं का. आणि काय बंद करणार आहात, तेही. सगळं चालू राहील असं लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

छोट्या संस्थेला एवढं झेपेल?

मोठ्यांपेक्षा बरं झेपतं. लोक ओळखीचे असतात.

काम संपल्यावर कधी जाऊन पाहायचं?

दोन-तीन वर्षांनी, आणि न कळवता. अडचण एवढीच की तेव्हा त्यासाठी पैसे नसतात, कारण प्रकल्पाचं खातं बंद झालेलं असतं. मंजुरीच्या वेळीच ही भेट वेगळी काढून ठेवायला सांगा. रक्कम किरकोळ असते. एका अशा भेटीत मला पाणी योजनेची खोली कुलूपबंद सापडली. किल्ली कोणाकडे, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी एका शाळकरी मुलीने खिडकीच्या चौकटीवर हात घालून ती काढून दिली. पंप व्यवस्थित चालू होता. रोज संध्याकाळी तिची आजी तो सुरू करायची. समितीच्या यादीत आजीचं नाव कुठेच नव्हतं.

शेवटचा रिपोर्ट कोणाला द्यायचा?

देणगीदाराला द्यायचा आहेच. त्याखेरीज एक प्रत लोकांच्या भाषेत, दोन पानांत, कामाच्या जागी लावा. त्यावर यशोगाथा नको. बंद पडलं तर काय तपासायचं, कोणता भाग लागतो, त्याचा नंबर काय, खात्यात किती शिल्लक आहे आणि सह्या कोणाकोणाच्या चालतात, एवढं पुरे. कागद प्लास्टिकमध्ये घाला, आणि लावायच्या आधी आजीला विचारा, कुठे लावला तर दिसेल.